शेजारच्या सीटवरचा ब्रेक

३ मार्च

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. तो मनातल्या मनातच घालते आहे, कारण दोन दिवस पाठ धरली आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने लावता. हा विषय तसा मनाने लावण्यातला नाही, म्हणून पत्र.

तुमच्या नातीला, आमच्या भिंगरीला, टेकडीपलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतलं आहे. शिकता शिकता काम करायचं. तिला आकाश ठेंगणं झालं आहे आणि माझ्या जिवाला घोर लागला आहे, कारण हजर व्हायचं सकाळी सहाला आणि तिकडे जाणारी पहिली बस आठची. एक एप्रिलपासून सुरुवात. म्हणजे गाडी आली. परवाना तिने गेल्या महिन्यात पहिल्याच फटक्यात मिळवला आहे, पण परवाना मिळाला म्हणून अक्कल येते थोडीच? वय अठरा. चप्पल घालायच्या आधी दाराबाहेर असते.

यांना जहाजावर फोन केला. भटारखान्यातल्या भांड्यांच्या आवाजात म्हणाले, तुम्ही दोघी ठरवाल ते. हे वाक्य ते लग्नापासून म्हणताहेत.

तेव्हा तुम्हीच सांगा, अशा मुलीला पहिली गाडी कोणती द्यावी? अर्ध्या गावाला तुम्ही गाडी शिकवलीत. माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या शाळेची ती दोन ब्रेकवाली गाडी मी चालवली ती शेजारी तुमचा पाय होता म्हणून. बाजारामागच्या उतारावर हातगाडी आडवी आली, तेव्हा तुम्ही तुमच्याकडचा ब्रेक दाबला नसता तर काय झालं असतं, हे मी अजून आल्यागेल्याला सांगते. लग्नानंतर यांच्या मित्राची गाडी घेऊन एकटी निघाले, ती कोपऱ्यापर्यंत गेले, इंजिन चालू ठेवून उतरले आणि चालत घरी आले. मग हे जाऊन गाडी घेऊन आले. तेव्हापासून परवाना कपाटात आहे. मुदत संपली की नवा करून आणते तेवढं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासताना सारखं तेच डोक्यात येतं. आज दोन काचा उलट्या बसवल्या. लवकर कळवा.

तुमच्या मायेची नेहमीची हक्कदार,
तुमची मुलगी


८ मार्च

चि. पोरीस,

आशीर्वाद. पाठीला शेक दे आणि काचा नीट बसव, लोकांना दिसायला हवं.

पहिली गाडी कंटाळवाणी असावी. शेजाऱ्यांनी वळून बघू नये. इंजिन जेमतेम असावं, म्हणजे पुढच्या गाडीला मागे टाकायची खुमखुमी आपोआप जिरते. फार जुनी नको. अपघातात फुगणाऱ्या पिशव्या, नीट ब्रेक आणि धड पट्टे हवेतच, तिथे काटकसर करायची नाही. फार नवीही नको, पहिला ओरखडा पडला की पोरं रडतात आणि मग गाडीकडे बघतात, रस्त्याकडे नाही. काचा मोठ्या हव्यात. सीटवर बसून चारही कोपरे कुठे संपतात त्याचा अंदाज आला पाहिजे. गाणी मोठ्याने वाजवणारी यंत्रं असतील तर काढून घे.

आणि गाडीभोवती फिरून काही कळत नाही, आत बसून चालवून बघावं लागतं. भिंगरीला बरोबर ने. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला काय वाटतं ते सगळं आहे, तिला काय वाटतं ते कुठे सापडलं नाही.

आशीर्वाद पुन्हा एकदा. ते कुठल्याही गिअरमध्ये चालतात.
बाबा


१४ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. तीन गाड्या पाहिल्या आणि तिन्ही नाकारल्या.

पहिली दातांच्या डॉक्टरांची. एवढी धिप्पाड की भिंगरी आत बसली तर बाहेरून नुसते केस दिसत होते. दुसरी एका नव्या नवऱ्याची, लालभडक. त्याने किल्ली फिरवली आणि खिडकीवरची कबुतरं उडाली. भिंगरीचे डोळे चमकले, तेवढ्यावरच मी ती बाद केली. तिसरी एका संगीतशिक्षिकेची, मळकट पांढरी, आखूड, सगळी कागदपत्रं जागच्या जागी. पिशव्या, पट्टे, काचा, सगळं तुम्ही म्हणालात तसं. तिच्यात काही म्हणता काही खोट सापडली नाही, म्हणूनच मला संशय आला.

खरं सांगू का? तिन्ही वेळा मी शेजारच्या सीटवर बसून पायाने ब्रेक चाचपत होते. शिक्षिकाबाईंनी शेवटी विचारलंच की गाडी नेमकी कोण चालवणार आहे.

पुढचं ऐका. सरावाला म्हणून शेजारच्या शिंपीकाकांची गाडी मागून आणली. भिंगरी चालवत होती, मी शेजारी. चौकात एक सायकल बरीच लांब होती, पण मी तिचा दंड धरून ओरडले. तिने करकचून ब्रेक दाबला, मागून दुधाची गाडी आली आणि आमचा मागचा दिवा फुटला. कुणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आणि मला घरात बसवत नाही, उठवत नाही. मी तीनतीनदा गॅस बंद केला का बघून येते.

म्हणून एक मागते, नाही म्हणू नका. आवारात झाकून ठेवलेली तुमची ती दोन ब्रेकवाली गाडी आम्हाला द्या. जुनी असली तरी चालेल. सहा महिने मी रोज पहाटे तिच्या शेजारी बसून जाईन आणि तिकडून सुटणाऱ्या पहिल्या बसने परत येईन. पायाखाली ब्रेक असला की मी ओरडणार नाही. दुकानात उशिरा येण्याचं विचारूनही ठेवलं आहे.

तुमच्या होकाराकडे डोळे लावून,
तुमची मुलगी


१७ मार्च

प्रिय आजोबा,

नमस्कार. हे पत्र आईला कळता कामा नये. ती तुमची गाडी मागणार आहे किंवा मागून झालीही असेल. प्लीज नाही म्हणा.

गाडी जुनी आहे म्हणून नाही. मला गाडीचं काहीच नाही, लाल मिळाली नाही म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं, झालं. पण आजोबा, मी एकटी असते तेव्हा बरी चालवते. परीक्षा घेणारे साहेब काही बोललेच नाहीत, आणि ते न बोलणं चांगलं असतं म्हणे. आई शेजारी बसली की मी रस्ता बघत नाही, तिचा चेहरा बघते. सहा महिने असं चालवलं तर मला तसंच चालवता येईल. मग ती उतरल्यावर मी काय करू?

माझा परवाना कपाटात जाईल याची मला भीती वाटते. आईवर माझं प्रेम आहे, पण मला तिच्यासारखं कोपऱ्यावरून परत यायचं नाही. दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय की पहिल्या दिवसापासून सहाला येणं जमत नसेल तर दुसरी मुलगी तयार आहे.

आज आई चहात मीठ घालणार होती. मी हात धरला.

तुमचीच,
भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. रविवारी बसने इकडे ये, दोन दिवस राहा. आईला सांग की आजोबांनी गाडी बघायला बोलावलं आहे. ते खोटं नाही. सपाट तळव्याचे बूट आण. आणि गाडीवर एवढी चिडू नकोस, आधी तिच्यात बसून बघ.

आजोबा


२४ मार्च, आजोबांकडून

प्रिय आई,

नमस्कार. मी सुखरूप आहे, जेवते आहे, स्वेटर आणलाय. आता खाली बस आणि मग पुढचं वाच.

काल आजोबांनी गाडीवरचं कापड काढलं. गाडी ते अजून वापरतात, धान्य दळून आणायला आणि त्यांच्या मित्राशी भांडायला जायला. मला चालवायला दिली आणि स्वतः शेजारी बसले. मी तुझ्या उतारापर्यंत नेली, तोच, हातगाडीचा. तिथे कडेला उभी केली आणि म्हटलं, आता मला तिकडे बसू द्या, आईचा लाडका ब्रेक बघू द्या. आम्ही जागा बदलल्या. आजोबांनी सावकाश गाडी सोडली आणि मी शेजारचा पेडल दाबला.

आई, काही झालं नाही. पेडल तळाला गेला आणि गाडी आपली चालतच राहिली. मला वाटलं मोडला. मी घाबरून आजोबांकडे बघितलं तर ते हसत होते. मग त्यांनी आपल्या पायाने गाडी थांबवली.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. शाळा बंद केली तेव्हा गाडी घरगुती करून घ्यायची होती, म्हणून दुसऱ्या ब्रेकची तार त्यांनी काढून टाकली. पेडल तेवढा राहिला, कारण तो खाली वेल्ड केलेला होता आणि काढायला पत्रा कापावा लागला असता. तू शिकलीस ती त्यानंतर. शाळा बंद झाल्यावरची तू एकटीच विद्यार्थिनी. तू पहिल्यांदा किल्ली फिरवलीस तेव्हाही तो पेडल असाच सैल होता.

मी विचारलं, मग हातगाडी? ते म्हणाले, ते तुझ्या आईला विचार, ब्रेक तिच्या पायाखाली होता.

परवा येते. रागावू नकोस. थोडी रागाव, पण माझ्यावर नको.

तुझी,
भिंगरी


२६ मार्च

बाबा,

आज नमस्कार नाही. तो नंतर घालेन.

भिंगरीने लिहिलं ते खरं आहे का? इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या वडिलांच्या पायाने एका माणसाचा जीव वाचला, आणि तुम्ही तिथेच बसून चहा पीत होतात. पाहुण्यांसमोर मान डोलवत होतात! मी स्वतःला भित्री म्हणत राहिले. यांनी कितीदा म्हटलं, चल, मी शेजारी बसतो, तर मी म्हणायची, तुमच्याकडे ब्रेक कुठे आहे.

आज दुकानात एकाएकी आठवलं. त्या हातगाडीच्या दिवशी संध्याकाळी माझी पोटरी दुखत होती. उजवीच. आईने तेल लावून दिलं होतं. मी समजले, भीतीने दुखते आहे.

मला झोप नाही, राग आहे आणि मध्येच हसूही येतं आहे. ताबडतोब लिहा.

तुमची मुलगी


२८ मार्च

चि. पोरीस,

आशीर्वाद, रागासकट.

खरं आहे. हातगाडी आली तेव्हा माझा हात मधल्या हँडब्रेककडे गेला होता, पण तो पोहोचायच्या आत गाडी थांबलेली होती. हातगाडीवाल्याने तुला शिव्या दिल्या आणि तू माझे आभार मानलेस. परवाना मिळाला की सांगायचं असं ठरवलं होतं. पण तू घरभर माझं कौतुक करत होतीस, आणि मला ते गोड लागलं. मग तुझं लग्न झालं. तू कोपऱ्यावर गाडी सोडून आलीस हे मला तुझ्या ३ तारखेच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. आधी कळतं तर त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं असतं.

आता माझ्या गाडीचं. ती मी देणार नाही. तिच्यात पिशव्या नाहीत, पट्टे म्हातारे झाले आहेत, आणि माझी नात तिच्यात बसून टेकडी चढणार असेल तर मलाच झोप लागणार नाही. भिंगरीबरोबर मी दोन दिवस फिरलो. ती नीट चालवते. तुझ्याइतकीच नीट, पण तिला ते माहीत आहे.

त्या शिक्षिकाबाईंची गाडी अजून असेल तर जा. या वेळी तू चालव आणि भिंगरीला शेजारी बसव. गाडीत खोट आहे की नाही ते तुझ्या पायाला कळेल.

बाबा


१ एप्रिल

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार, मागचा धरून दोन.

गाडी होती. शिक्षिकाबाईंनी दार उघडलं, मी फिरून चालकाच्या बाजूला गेले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. भिंगरी शेजारी बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिने कबूल केलं होतं की ओरडणार नाही. मी गल्लीतून बाहेर काढली, तळ्याला वळसा घातला, एक कुत्रा आडवा आला तेव्हा थांबवली. शेजारी बघितलं तर भिंगरीचा पाय सीटखाली ताठ झाला होता. आम्ही दोघी इतक्या हसलो की कुत्रा पळून गेला. काच मोठी आहे, कोपरे कळतात, इंजिनात दम नाही. अगदी कंटाळवाणी आहे. घरी मीच आणली.

आणि आज ती गेली. पाच वाजताच तयार होती, मी चारला. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डबा, पाणी, रुमाल, किल्ली सगळं दोनदा विचारलं. तिने पट्टा लावला, आरसा नीट केला आणि माझ्याकडे न बघता निघाली. मला ते लागलं, आणि तेच हवंही होतं.

मी फाटकात उभी राहिले. गाडी कोपऱ्याकडे गेली, त्याच कोपऱ्याकडे. माझा पाय खाली दाबला गेला, चपलेसकट. त्याच क्षणी तिच्या मागचे लाल दिवे लागले. बाबा, माझ्या पायाखाली नुसती फरशी होती. ब्रेक तिने दाबला. थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि वळून गेली.

सहाला पाच कमी असताना पोचल्याचा तिचा फोन आला. मागून कुठलंसं वासरू हंबरत होतं, त्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं, उरलेलं मी मनाने लावलं.

रविवारी गाडी घेऊन तुमच्याकडे येते. भिंगरीला सुट्टी नाही, म्हणून एकटीच येते आहे. रस्त्यावर येऊन उभे राहू नका, मला तुमच्याकडे बघायला वेळ नसेल.

माया आहे तशी ठेवा, पाय मात्र आता निवांत पसरून बसा.

तुमची शेवटची विद्यार्थिनी