साच्याला लावलेलं तूप

हॅमिल्टन, शुक्रवार दुपार

ती. विभावरीआत्या,

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. (थांब, नमस्कार राहिला. साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांची कवळी सापडली का? मी खुशाल आहे, थंडी मरणाची आहे, आणि कॉलेज उत्तम आहे, म्हणजे जिथे होतं तिथेच आहे. मी तिथे नाही, पण ते नंतर.) कागदावर लिहितोय, कारण तुला व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चहा निवायच्या आत घरच्या ग्रुपवर जातं आणि त्या ग्रुपवर दादा आहेत. दादा तिकडे जॉन्सनव्हिलला, मी इकडे, मध्ये सहा तासांचा रस्ता. पण त्यांचा राग रस्त्याने येत नाही. मी त्यांचाच मुलगा, तोच राग माझ्यात उतरलाय, आणि त्यांच्यात तो कुठून आला हे तुला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, मी काय सांगू?

तर मी सध्या एका दुकानात काम करतो. शिकारीचं आणि मासेमारीचं सामान मिळतं तिथे. (बंदुकांना मी हात लावत नाही, माझ्याकडे लायसन नाही. मी गळ, तंबू, जँडल्स म्हणजे रबरी चपला, आणि साचे विकतो.) साचे म्हणजे गोळ्यांचे. इथले काही हौशी लोक आपल्या जुन्या रायफलींसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. दोन धातूचे ठोकळे, मिटल्यावर मध्ये गोळीच्या आकाराची पोकळी, वर एक फिरती पट्टी आणि मागे सांडशीसारख्या दोन मुठी. वितळलेलं शिसं ओतायचं, पट्टी फिरवून वरचं जास्तीचं कापायचं, मुठी उघडायच्या, की गोळी टपकन खाली. दचकू नकोस, ही मंडळी क्लबात जाऊन कागदावरच्या गोलांना मारतात. विश्वनाथकाका तर अंडंही खात नाहीत.

विश्वनाथकाका म्हणजे इरावतीचे बाबा. आणि इरावती म्हणजे (इथे मी दहा मिनिटं पेन चावलं) मराठी मंडळाच्या संक्रांतीला जिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नाव न विचारता पुढे गेली, ती. डेअरीच्या लॅबमध्ये कामाला आहे. (ही दुधाची डेअरी. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही डेअरीच म्हणतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी तिला भलत्याच ठिकाणी शोधत होतो.) त्या मंगळवारी ती दुकानाचं दार ढकलून आत आली, थेट माझ्या काउंटरशी, आणि म्हणाली, “वजनाने हलका साचा आहे का?”

आत्या, पाच महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मी काय केलं? मी तिला ज्ञान दिलं. हलका म्हणजे ॲल्युमिनियमचा, तो लवकर झिजतो, कडा बोथटतात. क्वालिटी हवी तर लोखंडी घ्यावा, नातवंडांपर्यंत टिकतो. पितळी तर राजाच. ती म्हणाली, मी हलका मागितलाय. मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही. ती म्हणाली, बाबांच्या हाताला कंप आहे, लोखंडी साचा त्यांना आता पेलत नाही. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो (लिहितानाही कान गरम होतायत), “मग त्यांना म्हणावं, विकतच्या गोळ्या घ्या!”

तिने आवाज चढवला असता तर मी भांडून जिंकलो असतो. ती फक्त “बरं” म्हणाली आणि गेली. मालक ग्रेहम गळांच्या पाकिटांमागून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, पोरा, त्या माणसाने दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपली रायफल क्लबातल्या मित्राला देऊन टाकली. आता तो मित्रांसाठी नुसत्या गोळ्या ओततो. शिसं मुलगी ओतते, साचा तो उघडतो. रविवारचं तेवढंच राहिलंय त्याला.

त्या दिवशी दुपारी मी दुकानातला प्रत्येक हलका साचा खोक्यातून काढला. आणि मला आठवलीस तू! मोदकाचा साचा घ्यायला तुळशीबागेत मला घेऊन गेली होतीस, आठवतं? अकरा साचे मिटून उजेडासमोर धरलेस, फटीतून उजेड दिसला की परत, बिजागरी खडखडली की परत, आणि शेवटी दुकानदार म्हणाला होता, बाई, तुम्हीच एक बनवून आणा. मी तसंच केलं. तीन साच्यांतून उजेड आला. एकाच्या मुठी करकरल्या. एकाची पट्टी दोन्ही हात लावल्याशिवाय हलेना. शेवटी एक मिळाला, दोन्ही ठोकळे असे मिटत होते की मध्ये केस जाणार नाही, आणि पट्टी माझ्या डाव्या करंगळीने फिरत होती. ग्रेहमने तो हातात घेऊन पाहिला, विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, माझ्या आत्याकडे. तो म्हणाला, ती कुठल्या क्लबात आहे?

इथवर सगळं स्वीट ॲज (इथल्या भाषेत झकास) होतं. मग मला वाटलं, त्यांच्या हाताला जोर कमी, गोळी चिकटून बसली तर? मोदक चिकटू नये म्हणून तू काय करतेस? म्हणून मी घरी नेऊन साच्याला आतून तूप लावलं. साजूक. चांगलं बोटाने चोपडून. (हसू नकोस. तूच शिकवलंयस.)

रविवारी मी साचा घेऊन त्यांच्याकडे गेलो. इरावतीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि खोक्याला आत घेतलं. मी मागोमाग शिरलो. गराजचं मोठं दार उघडं, दोघांनी चष्मे आणि हातमोजे घातलेले, काका स्टुलावर. त्यांनी साचा उचलला. मुठी मिटल्या, उघडल्या. परत मिटल्या. “अरे, हा उघडतोय की माझ्याच्याने,” असं ते मला नाही, आपल्या हाताला म्हणाले. मी तिकडे भिंतीवरच्या करवती मोजत बसलो.

मग इरावतीने शिसं ओतलं. आत्या, धूर! आणि वास! गराजमध्ये अनंत चतुर्दशीचं जेवण शिजत असल्यासारखा वास. शेजारची बाई कुंपणावरून विचारायला आली, काय बेकिंग चाललंय? गोळी बाहेर पडली ती मनुकेसारखी सुरकुतलेली. दुसरीही तशीच. साचा कोरडा ठणठणीत लागतो, तेलाचा थेंबही चालत नाही, हे दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं आहे आणि मी तीन महिने ती खोकी विकतोय.

“तू साच्याला तूप लावलंस?” इरावतीने विचारलं. मी म्हटलं, साजूक. काका हसायला लागले. चष्मा काढून, डोळे पुसून, स्टुलावरून घसरतील इतके हसले. इरावती हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मंगळवार नव्हता. (यावर मी चार पानं लिहू शकतो. आवरतो.)

साचा धुऊन तापवेपर्यंत चहा झाला. काकांनी विचारलं, शिकतोस काय? मी छाती काढून सांगितलं, कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. फाटकापर्यंत सोडायला इरावती आली. म्हणाली, मंगळवारी सकाळी अकरा वाजता दुकानात असणारा मुलगा कुठल्या दुसऱ्या वर्षाला असतो? मग मला सांगावंच लागलं, मार्चमध्ये सोडलं. (चौघांच्या असाइनमेंटचं काम एकट्या मी केलं, मार्क चौघांना सारखे मिळाले, मी सरांच्या टेबलावर हात आपटला आणि निघून आलो.) घरी माहीत आहे? नाही. ती म्हणाली, “बाबांना डॉक्टरपासून सगळे गोड खोटं सांगतात. त्यात आणखी एक माणूस नको. पुढच्या रविवारी ये. पण घरी सांगून ये. नाहीतर नको येऊस.”

असो. बाकी इकडचं सगळं ठीक. तुझ्याकडच्या काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
शुभंकर

ता. क. : आत्या, एक अगदी छोटं काम होतं. तू दादांना फोन करून सांगशील का, की मी कॉलेज सोडलं? ते जगात फक्त तुला घाबरतात. आधी ब्लडप्रेशरची गोळी घेतली का ते विचार. टेबलाचा भाग तुझ्या अंदाजाने सांग.

ता. क. २ : पाकीट घेऊन डेअरीत (कोपऱ्यावरच्या) स्टॅम्प घ्यायला गेलो होतो. तिथली बाई म्हणते, पत्राला पुण्याला पोचायला तीन आठवडे लागतील. रविवार परवा आहे. ग्रुपवर लिहिता येईल, पण दादांनी ते ग्रुपवर वाचावं? मी असा असलो तरी इतका असा नाहीये. फोन समोर ठेवलाय.

ता. क. ३ : केला. अकरा मिनिटं ते ओरडले, त्यातली सहा मीही ओरडलो. मी फोन आपटला. फोन का आपटलास म्हणून ओरडायला त्यांनी परत केला. मग मी सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, इरावती आणि काका आणि तूप आणि माझं ते “विकतच्या गोळ्या घ्या”. मला वाटलं, आता दादा पुन्हा ओरडणार. पण त्यांनी विचारलं, “त्या गृहस्थांचा हात आता कसा आहे?”

मी म्हटलं, विचारलं नाही. म्हणाले, “इतकं सगळं केलंस आणि तेवढं विचारलं नाहीस? आता जा. रविवारची वाट कशाला बघतोस? विचार आणि मला कळव. कॉलेजचं मग बोलू, सोडणार नाहीये मी तुला.”

तर वरचं काम रद्द. हे पत्र वाटेत पेटीत टाकतो. जॅकेट घातलं, बूट घातले, दिवा मालवला. एवढी ओळ दारात उभा राहून भिंतीवर कागद टेकवून लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. निघालो. दार लावतो.