अस्तरातले तांदूळ

१८ नोव्हेंबर, चिखली

मृणालची बॅग तिसऱ्यांदा रिकामी झाली. उद्या सकाळी निघायचं, आणि ही अंगणात खुर्ची टाकून मोज्यांतली कुसळं चिमट्यानं उपटत बसलेली. परवा ज्वारी बघायला शेतात गेली होती, तिथली. पोरगी पहिल्यांदाच पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला चाललीय. मोठ्या जहाजावर हौशी लोकांना पेंग्विन, सील, देवमासे दाखवायला. आणि काळजी कसली, तर कुसळांची.

शोभानं दुपारी देवीची ओटी भरली. त्यातले तांदूळ पुडीत बांधून आणले. मृ. म्हणाली, "आई, दाणा चालत नाही. एकही नाही. बाहेरचं बी तिथं पडलं तर बेटाचं वाटोळं होते."

"बरफावर भात उगवते काय वं?"

मग मी मधे पडलो. म्हटलं, गाजरगवत आपल्याकडे कुठून आलं? बाहेरून आलेल्या गव्हातूनच ना? आता बांधावर दुसरं काही उगवतं का? शो. म्हणाली, "गाजरगवताचं मले काय सांगता. म्या ते देवीच्या ओटीत भरलं होतं काय?"

संध्याकाळी मृ. मावशीला भेटायला गेली. शो. सुई घेऊन आली, दोरा ओवून द्या म्हणाली. तिला सुईचं नेढं दिसत नाही, हे काम माझंच. ओवून दिला. मांडीवर मृ.चं आत घालायचं जाकीट होतं, खालच्या कडेचं अस्तर उसवलेलं. मी नुसतं बघितलं.

"तुम्ही पेपर वाचा," म्हणाली.

वाचला.

१९ नोव्हें.

गेली. सकाळच्या गाडीनं संभाजीनगर, पुढे मुंबई, मग कुठून कुठून विमानं. बसमध्ये खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत जाकीट अंगात घालून घे गं, म्हणून शो. ओरडत होती. इथं थंडी कसली. कंडक्टर हसला.

घरी आल्यावर पोहे तसेच राहिले.

जाकिटाचं विचारणार होतो. विचारलं नाही. म्हटलं, चार दाणे, कोण बघतंय.

२६ नोव्हें.

बंदरावरून फोन. जहाजावर चढली. आवाजच वेगळा, लहानपणी लोणारच्या काठावर पहिल्यांदा दुर्बीण हातात दिली होती तेव्हाचा.

समोरचे गजाननराव बाकावर येऊन बसले. "सर, पोरगी जहाजावर कॅप्टन हाय का?"

म्हटलं, प्रवाशांचे खिसे झाडते.

त्यांना थट्टा वाटली. पण खरंच तेच आहे. बोटीतून बेटावर उतरायच्या आधी प्रत्येकाचे कपडे, बॅगा, बुटांचे तळ टेबलावर घेऊन तपासायचे. खिसे उलटे करायचे, शिवणीत धूळ ओढणारी बारकी झाडणी फिरवायची. बी नको, माती नको, पीस नको. नव्या गाईडकडे हे काम असतं. मृ.ला अभिमान आहे. "बाबा, करोडपती माणूस माझ्यापुढं खिसे उलटे करून उभा राहते."

शो. हसली. मी पण हसलो, जरा उशिरा.

३ डिसेंबर

फोन. एका ज्वालामुखीच्या बेटावर उतरले होते. काळी वाळू, तिच्यातून वाफ निघते, आणि त्या वाफेत हजारो पेंग्विन उभे. वास म्हणे कोंबड्यांच्या खुराड्यासारखा. "खडक आपल्या लोणारसारखाच काळा, बाबा." मी म्हटलं, लोणार उल्केनं झालं, ज्वालामुखीनं नाही. "मी खडकाचं बोलून राह्यले, मास्तर." बरोबर होतं तिचं.

शो.ला पेंग्विनचं काही नव्हतं. "जाकीट घालते ना?"

"हाव, रोज."

"बरं." आणि माझ्याकडे बघितलं, जिंकल्यासारखं.

म्हणजे दाणे बेटावर उतरून आले तर. जेवण गेलं नाही नीट. शो. म्हणाली, तुमचं पित्त.

९ डिसें.

व्हायचं ते झालं.

दुपारी फोन आला तेव्हा शो. दळण आणायला गेली होती. मृ.नं आधी विचारलं, "आई जवळ आहे काय?" नाही म्हटल्यावर रडली. मोठी झाल्यावर तिला रडताना मी ऐकलं नव्हतं.

बर्फाच्या मुलखात शिरण्याआधी सगळ्यांची पुन्हा तपासणी. कशी करायची हे प्रवाशांना दाखवायला हिनं स्वतःचं जाकीट टेबलावर पसरलं. झाडणीचं नळकांडं खालच्या कडेवरून फिरवलं, शिवण ओढली गेली, आणि पिवळे तांदूळ टेबलावर. हळद-कुंकवाचे. कोणीतरी आधी हसलं. मग कोणी हसेना.

तिची प्रमुख एलिन नावाची बाई आहे, नॉर्वेची. तिनं सगळ्यांसमोर एकच विचारलं, हे काय आहे. आणि मृ. म्हणाली, माझे आहेत, मीच ठेवले.

"का गं?" मी विचारलं. "तुला तर ठाऊकसुद्धा नव्हतं."

"मग काय म्हणू? आईनं लपवून ठेवले म्हणू? त्या टेबलापाशी उभं राहून आईवर ढकलू काय? ते लोक तिले काय समजतील, बाबा?"

आता तिला बोटीत बसू देत नाहीत. जहाजावरच आहे, स्लाईड लावते, लोकांची नावं लिहिते. आधीच्या बेटांवर हेच जाकीट घालून उतरली होती, त्याचा अहवाल गेला. एलिन म्हणाली, नजरचूक असती तर गोष्ट वेगळी. जाणूनबुजून ठेवणाऱ्या माणसाला मी दुसऱ्याचे खिसे तपासायला कशी उभी करू? बंदरात परतल्यावर ठरेल. पुढच्या सफरीला ठेवायचं की घरी पाठवायचं. आणि इथून पाठवलं तर या कामात दुसरं जहाज घेत नाही कुणाला, सगळे एकमेकांना ओळखतात.

"आईले सांगू नका."

सांगणार नाही म्हटलं. सुईचं तिला सांगावंसं वाटलं. फोन ठेवला.

१० डिसें.

शो. गजाननरावांच्या सूनबाईला सांगत होती, देवीचे दाणे संग हायेत म्हणून पोरगी त्या बरफात सुखरूप हाय. मी आत होतो. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

ती म्हणाली, "आज कोनाचा राग भाजीवर काढून राह्यले?"

१२ डिसें.

मृ.चा मेसेज, बरी आहे एवढाच. फोटो नाही. आधी रोज यायचे.

शो. विचारते, फोटो काऊन नाही? नेट नसेल म्हटलं. मास्तरकी केली सगळी हयात, पण खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे या बाईला लग्नापासून माहीत आहे.

१३ डिसें.

सांगितलं. तिनंच काढून घेतलं.

भांडेल वाटलं होतं. देवाचं नाव घेऊन उलट मलाच सुनावेल. काही नाही. निवडायला घेतलेली तूर पुढ्यात तशीच. मग म्हणाली, "पोरीनं माझं नाव नाही सांगतलं?"

नाही म्हटलं.

"काऊन नाही सांगतलं? मी काय चोरी केली? पोरगी घरी परत यावी म्हनून ठेवले. दाने घरचे हायेत, ते घराकडं ओढतात. एवढंच." मग तूर बाजूला सारली. "आता दान्यानं खरंच घरी आनली तिले. कामावरून काढून."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मीच दोरा ओवला होता, हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही तर नेहमीच ओवून देता." तिच्या मते त्यात माझा काही वाटाच नाही. हे जास्त लागलं.

१४ डिसें.

आज शो. देवळात गेली नाही. शुक्रवार-मंगळवार सोडाच, एरवी एक दिवस चुकत नाही.

"तिच्या मॅडमले फोन लावा. मी बोलते."

म्हटलं, असं नसतं, ते ऑफिस आहे. "ऑफिस असो का जहाज असो. बाईच हाय ना ती?"

मृ.ला कळवलं. आई मॅडमशी बोलायचं म्हणते. तिला वाटलं, आईला अजून काही माहीत नाही. माहीत आहे म्हटलं. मग म्हणाली, विचारते.

१६ डिसें.

झाला फोन. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

शो. नवं लुगडं नेसून बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवर. पडद्यावर मृ., तिच्या शेजारी एलिन. पन्नाशीची, भाजलेला चेहरा, पांढऱ्या भुवया. तिनं हात जोडले. शो.नं पण जोडले. लगेच मुद्द्यावर.

"मॅडम, तांदूळ म्या ठेवले. अस्तर उसवून म्या शिवले. पोरीले ठाऊक नव्हतं. तिनं मले नाही म्हनलं होतं, मी ऐकलं नाही. तिले काही बोलू नका. मले बोला."

थांबली. मृ.कडे बघितलं, सांग म्हणून.

आणि मृ.नं इंग्रजीत सांगितलं की, आई म्हणते झाल्या गोष्टीचं तिला फार वाईट वाटतं, आणि भारतात आलात तर आमच्या घरी जेवायला या.

चेहरा सरळ ठेवून. एक शब्द अडखळली नाही. व्याकरण चोख, मीच शिकवलेलं.

एलिन हसली, थँक यू म्हणाली. शो.ला वाटलं, माफ केलं. तिचे डोळे भरले. "पाहा, किती चांगली हाय बाई," मला म्हणाली.

दोघींच्या मधे मी बसलेलो. मृ. पडद्यातून माझ्याकडे बघत होती, नको म्हणून. बापाला कळतं. तिनं स्वतःच्या कामावर पाणी सोडलं होतं, आई परक्या लोकांत अडाणी ठरू नये म्हणून. त्यावर माझा काय हक्क? आणि शेजारी ही बाई, जन्मात पहिल्यांदा कुणापुढं माझं चुकलं म्हणाली, आणि ते पोचलंच नव्हतं.

मी बोललो. "शी डिड नॉट नो, मॅडम. माय वाइफ सेड दॅट. माय डॉटर डिड नॉट ट्रान्सलेट. वी डिड इट. बोथ ऑफ अस."

एलिनचं हसू गेलं. ती मृ.कडे वळली. काहीतरी विचारलं, ऐकू आलं नाही. मृ. खाली बघत होती. मग चित्र थिजलं आणि फोन गेला. पुन्हा लावला, लागला नाही.

शो. विचारत होती, "काय झालं? काय बोलले तुम्ही?"

"तू बोलली तेच."

"मंग ते तर मृणूनं सांगतलं होतं ना?"

१७ डिसें.

काही नाही. दोनदा लावला.

एलिनला आता काय वाटत असेल? पोरगी निर्दोष, की पोरगी तोंडावर खोटं बोलते? काल रात्रीपर्यंत मला फक्त पहिलं सुचलं होतं. दुसरं आज सकाळी दाढी करताना सुचलं. मुलांना सांगायचो, बोलायच्या आधी वाक्य पूर्ण मनात करा.

शो.ला हे सांगितलं नाही. तिला वाटतं, सगळं मिटलं. देवळात जाऊन आली.

१८ डिसें.

जहाज आज बंदराला लागलं असेल. सकाळपासून फोन हातात. गजाननराव येऊन गेले, काही विचारलं नाही, म्हणजे चेहऱ्यावर दिसत असणार.

दुपारी मृ.चा मेसेज. एकच ओळ.

"बाबा, तुमचं इंग्रजी अजून चांगलं आहे."

पुढं काही नाही. कामाचं नाही, घरी येण्याचं नाही.

शो.नं वाचून दाखवा म्हटलं. दाखवलं. खूश झाली. "बापाचं कौतुक करून राह्यली." आणि चहा ठेवायला गेली.

एवढी वर्षं पोरांकडून वाक्यांचे अर्थ काढून घेतले. ही ओळ सकाळचा पेपर वाचावा तशी परत परत वाचतोय. कौतुक असेल. रागही असेल. विचारायला फोन लावला, वाजतोय, ती उचलत नाही.