माझे विमान माझ्यासोबत पाठवू नये

मी, गान स्योक खेंग, कै. लोह आह चुआन यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार ताइपिंग, धंदा कागदी वस्तू बनवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातल्या कामाच्या मेजावर बसून, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने करून ठेवत आहे. माझा उजवा हात थरथरतो, डोके थरथरत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे धाकटे दीर अजून हयात आहेत आणि ते काय काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात विमान नव्हते.

कलम १. खाली दुकान आणि वर राहते घर अशी माझी मिळकत आहे. ती माझा एकुलता एक मुलगा तेक ल्योंग आणि सून ग्योक स्वान या दोघांच्या नावे समसमान करावी. दुकानाची सोनेरी अक्षरांची जुनी पाटी माझे यजमान गेल्यावर दिरांनी "पॉलिशला नेतो, वहिनी" म्हणून नेली. ती अजून पॉलिशलाच आहे. ती मी या कागदाने दिरांनाच देत आहे. चोरीच्या वस्तूपेक्षा वारशाची वस्तू भिंतीवर असली तर त्यांना झोप बरी लागेल.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून माझे क्रियाकर्म करावे, उरेल ते मुलाने घ्यावे. हातातली हिरव्या पाचूची बांगडी सुनेची. ती सहजासहजी निघत नाही, साबण लावावा. घाईघाईने ओढू नये, मी मेलेली असले तरी.

कलम ३. मी गेल्यावर माझ्यामागून जाळून पाठवायचे कागदी घर मी स्वतः बांधून माळ्यावर ठेवले आहे. दुसरीकडून आणू नये, हल्ली लोक खळीऐवजी स्टेपलर मारतात. घराला स्वयंपाकघर आहे, पण ते नोकरांसाठी आहे. कागदी मोबाइल पाठवू नये. इतकी वर्षे गिऱ्हाइकांचे फोन घेतले, तेवढे पुरे.

कलम ४. बांबू चिरायचा कोयता, कामट्या तासायच्या सुऱ्या, खळीची भांडी, हे सगळे तेक ल्योंगचे. तो माझ्यापेक्षा सुबक काम करतो. बंगल्याच्या गॅलरीत कागदी कुंड्या ठेवणारा अख्ख्या ताइपिंगमध्ये तो एकटा. असा मुलगा मिळायला नशीब लागते, आणि मी पुढे त्याच्याविरुद्ध जे लिहिणार आहे ते वाचताना त्याने हे वाक्य विसरू नये.

कलम ५. विमान. वकीलबाईंनी हे कलम दोन ओळींत बसवून दिले होते. मी ते परत घेतले.

आमचे दुकान कशासाठी आहे हे गावाला माहीत आहे. माणूस गेला की त्याच्यामागून घर, मोटार, पलंग, कपडे, सगळे कागदाचे करून जाळायचे, म्हणजे ते त्याला तिकडे मिळते. मी जन्मभर हेच केले. मोटारींना आरसे लावले, बंगल्यांना पडदे लावले. आठवडाभराचे काम चहा निवायच्या आत राख होई. त्याचे कधी वाईट वाटले नाही, धंदाच तो.

मग एकदा एक गिऱ्हाईक आले. त्याचे वडील तरुणपणी रबराच्या मळ्यांच्या साहेबांना इकडून तिकडे नेणारे दोन इंजिनांचे विमान चालवत. त्याने फोटो पुढे केला. "असंच हवं, मावशी. बाबा फार बारीक बघायचे." मीही बारीक बघणारी. पंखाची प्रत्येक बरगडी बांबूच्या कामटीची केली, वर पतंगी कागद ताणून बसवला. अंत्यविधीच्या दिवशी खाकी टोपीतला एक मलय माणूस त्या विमानाभोवती फिरत होता. एक डोळा मिटून पंखाच्या कडेवरून पाहत होता. हवाई दलात इंजिने दुरुस्त करून निवृत्त झालेला हा रुस्लान. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, हे जाळू नका हो. हे उडेल."

जाळायचे ते जाळलेच. कागद आधी गेला, मग बरगड्या एकामागून एक लाल झाल्या. रुस्लानने टोपी काढली. स्वतःच्या मालासाठी मी तेव्हा पहिल्यांदा रडले, तेही परक्याच्या अंत्यविधीत. लोकांना वाटले, मी त्या गृहस्थांची कोणीतरी होते. चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी मी रुस्लानचे घर शोधत गेले. "उडेल म्हणालास ना? मग काय काय केलं की उडेल, ते सांग."

"पहिलं म्हणजे, जाळायचं नाही," तो म्हणाला.

पुढची दोन वर्षे आम्ही ते बांधले. पंख दाराएवढा लांब. कामट्या मी तासल्या, त्याने तोलल्या. "अजून तासा, ताई. हे विमान आहे, पतंगाची आजी नव्हे." कागदावर लॅकरचे हात दिले, तो ढोलासारखा वाजू लागला. दोन छोटी इंजिने त्याने आणली. ती एका सुरात लावताना रुस्लानला पाहावे! खुर्चीत डोळे मिटून बसायचा, स्क्रू केसभर फिरवायचा. "उजवं अजून रुसलेलं आहे," म्हणायचा. मला दोन्ही सारखीच गुरगुरताना ऐकू यायची. तो म्हणायचा नाही, म्हणजे नाही. पोरांसोरांवर कधी आवाज न चढवलेला हा माणूस मला मात्र एका चुकीच्या गाठीसाठी शाळेतल्यासारखा रागवायचा, आणि मला ते आवडायचे.

एक गोष्ट त्याने पहिल्या दिवसापासून घोकून घेतली. "एका इंजिनाचं विमान बंद पडलं तर बिचारं खाली येतं. दोनांतलं एक बंद पडलं, तर उरलेलं विमानाला गरकन उलटं करतं. तेव्हा चालू आहे त्याची रेस कमी करायची. मन म्हणेल वाढव. मनाचं ऐकायचं नाही."

अशी रिमोटवरची विमाने उडवणाऱ्यांचे मैदान गावाबाहेर, कथलाच्या जुन्या खाणीच्या तळ्याकाठी आहे. तिथे हार्डवेअरवाले श्री. क्वेक यांचा शब्द चालतो. मी विमान घेऊन गेले तेव्हा त्यांनी आपली तीन विमाने उचलून लांब नेऊन ठेवली. मेलेल्यांचे सामान करणाऱ्या बाईची सावली नको, म्हणून. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचं विमान वर जाईल याची मला खात्री आहे. पण परत येईल का? तुमच्या दुकानातलं आजवर काही परत आलंय का?" लोक हसले. हसण्यासारखे होतेच, मीही हसले. पण घरी येऊन मी जेवले नाही.

विमान उडाले. पहिल्या दिवशी उडाले आणि नंतर दर रविवारी उडाले. दोन इंजिने एका सुरात गात डोक्यावरून गेली की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी वर्षे वस्तू बनवल्या, पण माझ्या हातची वस्तू माझ्याकडे परत येताना मी तिथेच पाहिली.

मग हात थरथरू लागला. सून ग्योक स्वान मला सोडायला मैदानावर यायची, छत्री धरून उभी राहायची, आणि तेलाचा वास कपड्यांना लागतो म्हणून कुरकुरायची. रुस्लानने शिकायच्या साध्या, एका इंजिनाच्या विमानाचा रिमोट तिच्या हातात दिला. ती मुकाट्याने शिकली. माझ्या विमानाला मात्र मी तिला हात लावू दिला नाही, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. सगळे लगेच मिळाले असते तर ती इतकी आसुसली नसती.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात सगळा गाव जमला होता. विमान तळ्यावर असताना डावे इंजिन बंद पडले. ते डावीकडे कलू लागले आणि त्याच घटकेला माझा हात टोपलीतल्या मासळीसारखा उडायला लागला.

"रेस! पूर्ण रेस द्या!" क्वेक ओरडले.

मी रिमोट सुनेच्या हातात कोंबला. "घे!"

"अहो आई, मी हे कधी..."

"घे म्हणते ना!"

रुस्लान तिच्या मागे येऊन उभा राहिला, हात पाठीशी बांधून. त्याने रिमोटला बोटही लावले नाही. फक्त विचारले, "काय करशील?"

"कमी," ती म्हणाली.

"मग कर."

तिने रेस कमी केली. बुडायला निघालेल्या विमानाची कोणी रेस कमी करते का? लोकांनी डोक्याला हात लावला. पण विमान सरळ झाले, नाक खाली करून तळ्यावरून इतके खाली आले की काठावरचे बगळे उठले. "डावीकडून घे, जवळ पडेल!" क्वेक पुन्हा ओरडले. माझ्या घरात पंधरा वर्षांत जिने आवाज चढवला नव्हता, ती विमानावरची नजर न काढता म्हणाली, "काका, तुम्ही जरा गप्प बसता का?" आणि तिने ते उजवीकडून, लांबच्या वाटेने आणले. चालू इंजिनाच्या बाजूने. बरोबर तसे, जसे रुस्लान मला सांगायचा आणि मी विसरायचे.

विमान गवतात टेकले, धावले, थांबले. एक प्रोपेलर फिरत होता, एक स्तब्ध होता. क्वेक चालत त्याच्यापर्यंत गेले, वाकले, आणि म्हणाले, "आलं की हो परत."

ग्योक स्वान मट्कन खाली बसली. मला वाटले आता रडेल. ती म्हणाली, "आई, भाताचा कुकर चालूच राहिलाय."

त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. आमच्यात सुनेचे तोंडावर कौतुक करत नाहीत. म्हणून ते इथे करते, सरकारी मुद्रांकाच्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. मन वाढव म्हणत असताना जिचा हात कमी करतो, अशी माणसे मी फार पाहिली नाहीत. रुस्लान एक आणि ही दुसरी. ग्योक स्वान, तू माझ्यापेक्षा चांगली उडवतेस. मला तुझा अभिमान वाटतो. कुकर बंद करायला विसरतेस ते वेगळे.

सबब सदर विमान, दोन्ही इंजिने, रिमोट, इंजिनांची हत्यारे आणि तेलाचा डबा ही सर्व मालमत्ता ग्योक स्वान हिच्या एकटीच्या मालकीची राहील. विमान उडवावे. काचेच्या कपाटात ठेवल्यास हा हक्क रद्द होईल.

कलम ६. श्री. क्वेक यांना त्या दिवशी बंद पडलेल्या इंजिनाचा जुना प्रोपेलर द्यावा. त्यांनी तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे लावावा, अशी विनंती. ते लावतील. माणूस तोंडाचा वाईट आहे, पण दिसले ते सगळ्यांसमोर कबूल करतो, आणि असे करणारे कमीच.

कलम ७. रुस्लान बिन हाशिम यांना या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी त्याला विचारले, काय हवे, वस्तू की सही? तो म्हणाला, "सहीच करतो, ताई. विमान तर मी दर रविवारी ऐकतो."

कलम ८. तेक ल्योंग, हे तुझ्यासाठी. हे वाचताना उठून जाऊ नकोस.

यंदा वर्षाच्या रीतीने कबरी झाडायला गेलो तेव्हा तू तुझ्या बाबांच्या थडग्यापुढे कौल लावायचे दोन लाकडी ठोकळे टाकलेस आणि विचारलेस, "बाबा, आईच्या मागून तिचं विमान पाठवू ना?" एक उताणा पडला, एक पालथा. होकार. तू धावत आलास. "आई, आता काळजी नको. बाबाही हो म्हणाले. खरं विमान पाठवतो, कागदाचं नाही." तुझे डोळे भरून आले होते. तुला देता येईल ती सगळ्यात मोठी वस्तू तू मला देत होतास. त्या संध्याकाळी ग्योक स्वान एकच ताटली किती तरी वेळ घासत होती. ती माझ्याशी भांडेल, तुझ्याशी भांडेल, पण गेलेल्या सासऱ्याशी भांडणार नाही. मी डोळे मिटताच तू ते जाळशील आणि ती बाजूला उभी राहून पाहील, हे मला आजच दिसते आहे.

पुन्हा ठोकळे टाकून नकार मागावा, असे माझ्या मनात आले होते. नको. मिळालेला होकार परत मागायचा नसतो. बाबांना दिलेला शब्द तू मोडू नकोस. पण तू त्यांना पाठवू का, एवढेच विचारलेस. केव्हा, ते विचारले नाहीस. ते वस्तूच्या मालकिणीने ठरवायचे, आणि मी ठरवले आहे ते असे:

उडणारी वस्तू एक ना एक दिवस पडते. ज्या दिवशी हे विमान पडेल आणि पुन्हा जोडता येणार नाही असे ग्योक स्वान म्हणेल (तू नव्हे, ती), त्या दिवशी तू सगळे तुकडे गोळा कर. तळ्यात पडले तर काढून वाळव. आणि मग रीतीप्रमाणे माझ्या नावाने जाळ. तिकडे मी ते पुन्हा जोडीन, मला वेळच वेळ असेल.

तोवर मी थांबेन. तू माझी काळजी करशील, आईला अजून मिळाले नाही म्हणून रात्री कूस बदलशील, मी तुला ओळखते. करू नकोस. मी रोज दाराशी येऊन बघेन. आलेले नसले, म्हणजे आजही ती ते उडवते आहे, एवढे समजून मी हसत आत जाईन.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, डाव्या हाताने उजवा हात धरून सही केले.

ठिकाण: ताइपिंग
तारीख: ११ जुलै २०१९

(सही) गान स्योक खेंग

साक्षीदार:

१. रुस्लान बिन हाशिम, निवृत्त इंजिन मेकॅनिक. सही माझ्यासमोर झाली. बाई शुद्धीवर आहेत, आणि नेहमीप्रमाणे कोणाचे ऐकत नाहीत.

२. लेच्चुमी अन्नामलै, शेजारचे फुलांचे दुकान. सही माझ्यासमोर झाली.