टेन्शनची गोळी

४ ऑगस्ट

चि. तर्कटबाईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. पाकिटावर तू 'प्राथमीक आरोग्य केंद्र' असं लिहिलं आहेस. अर्धा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या सख्ख्या भाचीने 'मि' दीर्घ काढावा, हे पाहून मला चहा कडू लागला. तुझ्यातला 'मी' दीर्घ आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पोस्टमनला कळवण्याची गरज नव्हती.

आता किरकोळ विषय. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध तू लिहीत आहेस, इथवर मला समजलं. पण तिथल्या डॉक्टरांशी तुझं वाजलं, हे ताईने फोनवर अर्धंच ऐकलं आणि भाजी निवडताना मला त्याच्याही निम्मं सांगितलं. तुझी आई माझ्याकडे राहायला आल्यापासून मला कुठलीच बातमी अख्खी मिळत नाही. उरलेली तू लिही.

लोभ आहेच, शुद्धलेखन पाहून वाढवू.
मामा

१२ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

यापुढे 'प्राथमिक' ऱ्हस्व. बाकी काहीही ऱ्हस्व होणार नाही.

माझा प्रश्न साधा होता. रक्तदाबाचे पेशंट केंद्रातून गोळ्या नेतात, तरी त्यांचा दाब उतरत का नाही? म्हणून मी बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि गोळी कशी घेता म्हणून विचारलं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, गिऱ्हाइकं डोक्यावर बसली की घेतो. एक आजी जाऊबाई राहायला आल्या की सुरू करते, त्या गेल्या की डबी कपाटात. एका बाईने तर लेकाच्या निकालाच्या दिवशी अर्धी नवऱ्याला दिली. कारण आमच्याकडे डॉक्टरांपासून औषधाच्या खिडकीपर्यंत सगळे तिला 'टेन्शनची गोळी' म्हणतात. 'हायपरटेन्शन'चं हे घरगुती रूप. मग लोक टेन्शन आलं की घेतात. यात त्यांचं काय चुकलं?

आमच्या सिस्टरबाईंनी साथ दिली. त्यांच्या टेबलावर आम्ही तो शब्दच बंद केला. 'रक्तदाबाची गोळी, बरं वाटलं तरी रोज' एवढं सांगायचं, आणि घरी गेल्यावर ती कशी घेणार हे पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचं. काही महिन्यांत त्या टेबलावरच्यांचा दाब खाली आला. शेजारच्या टेबलावर शब्द जुना, तिथे दाबही जुनाच.

निष्कर्षात मी लिहिलं, 'चूक आमच्या शब्दाची आहे.' डॉक्टर म्हणतात, तिथे 'रुग्णांचे अज्ञान' लिही, नाहीतर सही मिळणार नाही. सही नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर वर्ष गेलं. मी बदलणार नाही. सल्ला मागत नाहीये, कळवते आहे.

आईला अर्धंच सांगा.
तुमच्या लोभाची दीर्घ भाची

१९ ऑगस्ट

चि. तर्कटबाईस,
आशीर्वाद, न मागितलेल्या सल्ल्यासह.

साप मरावा आणि काठीही मोडू नये, म्हणून व्याकरणाने एक सोय करून ठेवली आहे. तू लिही: 'गोळीच्या नावाबाबत गैरसमज झालेला आढळतो.' कुणी केला, कुणाचा झाला, पत्ता लागत नाही. डॉक्टर सही करतील, तुझं वर्ष वाचेल, आणि ज्याला कळायचं त्याला ओळींमधून कळेल. शहाण्याने अर्धं सोडून अर्धं राखावं.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
मामा

२७ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न.

तुमचं वाक्य सुबक आहे. पण कर्ता पळाला की मार दुसऱ्यालाच बसतो. गेल्या आठवड्यात तो शिंपी पक्षाघाताने आडवा झाला. उजवा हात गेला. बाकावर मी त्याला नीट समजावलं होतं, त्याने मान डोलावली होती. पण पुढे खिडकीवर पुन्हा 'घ्या तुमची टेन्शनची' हेच ऐकलं. शिकाऊ पोरीपेक्षा खिडकीचा शब्द मोठा. त्याची बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, सध्या काम मंद होतं हो, त्यांना काहीच टेन्शन नव्हतं. डॉक्टर तिच्यादेखत म्हणाले, ही अडाणी माणसं ऐकतच नाहीत.

तो अगदी ऐकत होता, मामा. आम्ही म्हणालो तसंच वागला.

प्रबंध सहीविना देणार आहे. जिथे सही लागते तिथे लिहीन, की डॉक्टरांना शेवटचं वाक्य मान्य नाही. कर्त्यासकट. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, एका वाक्यासाठी एवढं? मी म्हटलं, एका शब्दासाठी.

आता वाटल्यास माझ्यावर व्याकरण फेका.
भाची

५ सप्टेंबर

चि. तर्कटबाईस,
अनेक आशीर्वाद. माझं वाक्य मी परत घेतो. तुझं आहे तसंच राहू दे. एक मात्राही हलवू नकोस. वर्ष गेलं तर जाऊ दे. पुढचं येईलच, वर्षांना दुसरा उद्योग नसतो. सहीविना दिलेला प्रबंधही डॉक्टरांनी अडवला तर मी स्वतः येईन आणि त्यांना 'अज्ञान' शब्दातला 'अ' कुणाला लागू पडतो ते व्युत्पत्तीसह सांगेन.

माझं मत का फिरलं ते ऐक. तुझं पत्र मी ताईला वाचून दाखवलं, अख्खं. शिंप्याच्या मजकुरापाशी ती हळहळली आणि म्हणाली, पण टेन्शन नसताना त्याने गोळी घ्यायचीच कशाला? मी चष्मा काढला. दोन वर्षांपूर्वी तिलाही दाब निघाला, हे तुला माहीत आहे. ती कशी घेते, विचारलं. एरवी नाही घेत म्हणाली. हल्ली मात्र रोज घेते, तुझ्या वर्षाची काळजी आहे म्हणून.

जन्मभर गणित शिकवलेली बाई आहे ही. हिच्या नावापुढे कोण 'अज्ञान' लिहितो ते मला पाहायचं आहे.

म्हणजे हिशेब असा, की तुझं भांडण चालू आहे तोवर तुझी आई सुरक्षित. ज्या दिवशी तू जिंकशील त्या दिवशी ती निर्धास्त होईल आणि डबी कपाटात जाईल. मी समजावून पाहिलं. ती म्हणाली, तू वैयाकरण आहेस, वैद्य नाहीस. यावर मला हसू यायला हवं होतं.

सकाळी तिच्या खोलीतून भांड्याचा आवाज यायला उशीर झाला, तर मी दाराबाहेर उभा राहून कानोसा घेतो. आवाज आला की वर्तमानपत्र आणायला निघालो होतो असं दाखवतो. तिला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो. मला तुझ्या वर्षाची काळजी नाही. मला ताईची भीती वाटते. माझं ती ऐकत नाही. तू ये, आणि तिच्या तोंडून वदवून घे.

वाट पाहतो.
मामा