टाकीच्या टोपणावरचा शेंदूर

प्रिय मुरलीधरा,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या आरंभी मी 'चिरंजीव' लिहीत आलो. आज लेखणी त्या शब्दापाशी अडली आणि धाकट्या भावाला मी प्रथमच नुसते 'प्रिय' म्हटले. तुला जाऊन पाच महिने झाले. इतके दिवस पत्राची गरज भासली नाही, कारण तू इथेच कुठेतरी अडकून आहेस अशी माझी समजूत होती. काल सकाळी पलसाण्याजवळ ती समजूत फिटली. मन हलके झाले आहे, आणि ते तुलाच सांगितले पाहिजे.

दहाव्या दिवशी तापीच्या काठी तुझा पिंड ठेवला तेव्हा कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. एकही खाली उतरला नाही. दिलीपने हात जोडून आईला सांभाळण्याचे वचन दिले. मी म्हणालो, तुझी जीप विकू देणार नाही. तासभर वाट पाहून अखेर दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. शास्त्राने ती सोय दिलेली आहे; माझ्या मनाने मात्र ती स्वीकारली नाही.

तुझ्या शांताचे तर विचारूच नकोस. तू गेलास त्या सकाळी तुम्हा दोघांचे काही शब्द झाले आणि तू भरलेला कप तसाच ठेवून निघालास. दुपारी मार्केटातून निरोप आला तो हृदय बंद पडल्याचा. त्या दिवसापासून तिने चहा सोडला. तू तिच्यावर रागावून गेलास आणि तो राग अजून निवलेला नाही, असे तिने मनाशी धरले. अरे, एक घोट घेऊन निघाला असतास तर काय बिघडले असते?

तेराव्यानंतर दिलीपने जीप बाहेर काढली. बमरोलीच्या मागांवरचे कापड रंगवण्यासाठी पलसाण्याच्या डाइंगवर पोहोचवण्याचे तुझे काम त्याने हाती घेतले. पहिल्याच फेरीत गाडी दहा-बारा किलोमीटर सुरळीत चालली, मग आचके देऊ लागली आणि थांबली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. दुसऱ्या फेरीलाही तसेच, तिसऱ्यालाही.

पांडेसऱ्याच्या मेस्त्रीने कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्याने इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. तिसऱ्याने पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आहे असे छातीठोक सांगून टाकी रिकामी करवली, नळी फुंकली, गाळणी नवी बसवली. गंमत अशी, की गॅरेजच्या दारात गाडी शहाण्या मुलासारखी वागे, आणि हायवेवर गेली की पुन्हा रुसे.

तेव्हा मी दिलीपबरोबर बसून जाऊ लागलो. गाडी थांबली की मी रस्त्याकडेला पूर्वाभिमुख बसून तुझ्या नावाने नामपाठ करी. पाठ संपायला साधारण अर्धा तास लागतो. पाठ संपला की दिलीप चावी फिरवी आणि गाडी सुरू होई! एकदा नव्हे, सात वेळा असे झाले. मग मला दुसरे काय वाटावे? मी शांताला सांगून टाकले की मुरलीधराची काही वासना मागे राहिली असावी. मुरलीधरा, या पत्रात मला ज्याची सर्वांत अधिक लाज वाटते ते हे वाक्य आहे. ज्याने तिला धीर द्यायचा, त्यानेच तिच्या भयावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर तिने रात्रीचे जेवणही सोडले.

शेवटी त्र्यंबकेश्वरी जाऊन शांतीचा विधी करावा असे ठरले. काल सूर्योदयानंतर आम्ही तिघे जीपमधूनच निघालो. पलसाणे ओलांडले आणि नेहमीप्रमाणे आचके सुरू झाले. गाडी थांबली ती एका पत्र्याच्या गॅरेजसमोर. शांताने डोळे मिटून घेतले. मी खाली उतरून आसन टाकले.

गॅरेजचा मालक नटुभाई, माझ्याच वयाचा, कानावर विडी अडकवलेला. तो हात पुसत आला आणि माझा पाठ चालू असल्याचे पाहून दिलीपकडे वळला. किती किलोमीटरवर थांबते? किती वेळाने सुरू होते? हे कधीपासून? एखाद्या वैद्याने नाडी धरावी तशा शांतपणे त्याने विचारले. मग ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन टाकीचे टोपण फिरवले. आत हवा ओढली गेल्याचा लांब सुस्कारा मला आसनावर ऐकू आला.

"हवे चालू कर," आता चालू कर, असे तो म्हणाला. दिलीपने चावी फिरवली. माझा पाठ अजून निम्माही झाला नव्हता, आणि गाडी सुरू झाली!

नटुभाईचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने टोपण घट्ट लावले आणि स्वतः शेजारी बसून गाडी पुढे न्यायला लावली. दहा-बारा किलोमीटरवर ती थांबली. टोपण काढले, चालू झाली. टोपण सैल ठेवून तितकेच अंतर परत आणली, कुठेही थांबली नाही. अन्वय आणि व्यतिरेक! कारण असले तर कार्य, कारण नसले तर कार्यही नाही. चाळीस वर्षे शिकवताना मी हे शब्द फळ्यावर लिहिले, आणि ते आचरणात आणले एका विडीवाल्याने.

मग त्याने टोपण उन्हात धरले. त्यावर शेंदराचा बोटभर थर होता. तारेच्या टोकाने त्याने तो खरवडला, तेव्हा खाली सुईच्या नेढ्याएवढे छिद्र निघाले. पेट्रोल जसे कमी होते तशी बाहेरची हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही. अर्ध्या तासात थराच्या भेगांतून थोडी हवा झिरपे, तेवढ्यावर गाडी पुढे जाई. आणि प्रत्येक मेस्त्री पेट्रोल किती आहे हे पाहायला आधी टोपणच उघडी, म्हणून गॅरेजमध्ये दोष कधी दिसला नाही.

"आ कोणे लगाव्युं?" नटुभाईने विचारले. दिलीप बिचारा आभाळाकडे पाहू लागला. मीच म्हणालो की मी लावला. रोज सकाळी तुझा हात प्रथम त्या टोपणावर पडे, म्हणून तेराव्यानंतर मी तेथेच तेलात कालवून शेंदूर लावला होता. आणि गाडी थांबली की प्रत्येक वेळी आणखी एक लेप!

नटुभाई हसला नाही. फक्त म्हणाला, "महाराज, टांकीने श्वास तो लेवा दो."

तेव्हा मला एकदम तुझा हातरुमाल आठवला. दर दसऱ्याला मी जीपची पूजा करी, आणि माझी पाठ वळताच तू टोपणावरचा शेंदूर पुसून टाकीस. एकदा मी ते पाहिले आणि चारचौघांत तुला अश्रद्ध म्हणालो. तू खाली मान घालून हसलास. दादा, तिथे छिद्र आहे, एवढे चार शब्द तुला बोलता आले नाहीत? माझा मान राखण्यासाठी माझे अज्ञान इतकी वर्षे पुसत राहिलास!

आणि काकतालीय न्याय लहानपणी मीच तुला शिकवला होता ना? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. मग कावळा बसला नाही, म्हणून माझा भाऊ सुटला नाही, हे मी कशाच्या आधारे ठरवले?

गाडी परतल्यापासून शांता तिच्याजवळच उभी होती. माझ्याशी ती सहसा थेट बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. काल पदर सावरून तिने विचारले, "मंग ते रागावेल नहीत ना, दादा?"

मी सांगितले, "नाही, बाई. टोपण मी बुजवले होते. त्याच्या मनात काही नव्हते."

तिने त्या मोकळ्या झालेल्या छिद्रावरून बोट फिरवले. तेवढ्यात नटुभाईने समोरच्या टपरीवरून चहा मागवला. तिच्यापुढे कप आला. दिलीप आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहू लागलो. थोड्या वेळाने मी वळलो तेव्हा कप रिकामा होता. त्र्यंबकेश्वर राहिले, तेथूनच गाडी घरी वळवली. वाटेत ती एकदाही थांबली नाही.

खोटे का बोलू? बमरोली येता येता क्षणभर वाईट वाटले. गाडी थांबे तेव्हा निदान तू जवळ आहेस असे वाटायचे. आता ती नुसती चालते. तू खरोखरच गेलास. पण सुटून गेलास, हे केवढे समाधान आहे!

येत्या दसऱ्याला जीपच्या बॉनेटवर मी स्वस्तिक काढीन. टोपणालाही शेंदराचे बोट लावीन, कारण तुझ्या हाताची ती जागा आहे. आणि कोणाची पाठ वळण्याची वाट न पाहता, सर्वांसमक्ष, तुझ्याच रुमालाने पुसून टाकीन. हे माझे तुला वचन.

तुझा,
दादा