कोर्टात वाचला जाऊ नये असा शब्द

मी, पप्पू हरिबा कोकरे, वय ३५ वर्षे, माजी सैनिक, राहणार राहू, तालुका दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि मागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. पप्पू हे लाडाचे नाव नाही. शाळेच्या दाखल्यावर, फौजेच्या कागदांवर आणि आता शिरूरच्या कोर्टातही हेच नाव आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत. आधी कच्चे लिहून मग ही नक्कल केली आहे. तरीही कोठे खाडाखोड झाली, तर तिच्याशेजारी माझी सही असेल. सही नसलेली खाडाखोड माझी समजू नये.

१ डिसेंबर रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. फौजेत असे कोणी म्हणाले की आम्ही घरी पत्र लिहायला बसायचो.

१. जुने मृत्युपत्र. उंचावरच्या चौकीवर पाठवण्याआधी फौजेत प्रत्येकाकडून मृत्युपत्राचा कागद भरून घेतात. माझे अक्षर बरे आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून आमच्या कंपनीतल्या मराठी पोरांचे कागद मीच लिहिले. माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून विश्वजीत मारुतराव दोरगे याची सही आहे आणि त्याच्या कागदावर माझी. तो शिरूरचा, मी राहूचा, दोघे एकाच दिवशी भरती झालो. तो रायफल घेऊन पुढे असायचा. मी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, कुक होतो. त्या कागदाने मी सर्व काही वडिलांना दिले होते. वडील आता नाहीत. तो कागद मी रद्द करतो.

विश्वजीत आता माझ्यावरील खटल्यात फिर्यादी आहे. माझ्या जामिनाची अट अशी की, मी त्याच्याशी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष संपर्क करायचा नाही. हे मृत्युपत्र त्याला उद्देशून नाही. त्याचे नाव यात येते, एवढेच. वकील मॅडमना तसे विचारून घेतले आहे. दोनदा.

२. घर व जमीन. राहू येथील घर आणि वडिलांकडून आलेला जमिनीचा हिस्सा पत्नी सुषमा हिला मिळावा. आई बानूबाई हिला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील. हे वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "ल्हून कशाला देतो? सून काय मला भाईर काढणार हाय व्हय?" सुषमा म्हणाली, "लिहाच. कागद असला म्हंजी आत्याबाईंला भांडायला जोर येतो." दोघी हसल्या. मी कलम तसेच ठेवले.

३. पेन्शन. दौंडच्या बँकेतले खाते दोघांच्या नावे आहे. कुटुंब पेन्शनचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत. सुषमाच्या नावात एका कागदावर 'सुशमा' असे पडले होते, ते मी दुरुस्त करून घेतले आहे. कोणी पुन्हा तसे लिहिले तर तिने सही करू नये.

४. भांडी. मोठी कढई, दोन झारे, सुऱ्या आणि लांब दांड्याची पळी राहूच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रंगुबाईंना द्यावीत. मी एकदा त्यांच्या खिचडीत मीठ सुचवले, तेव्हापासून त्या मला "मिल्ट्रीवाले" म्हणतात आणि बोलत नाहीत. तरी भांडी त्यांनाच. माझ्या मुलीने, गौतमीने, माझा स्वयंपाक शिकू नये. तो शंभर माणसांचा आहे, चार माणसांत बिघडतो.

५. पदके. उंचावरच्या सेवेचे पदक आणि बाकीची पदके गौतमीला. खटला यांच्यावरूनच उभा राहिला, म्हणून तो येथेच सांगतो.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला शिरूरला माजी सैनिकांनी पदके लावून यायचे ठरले. आमच्या पलटणीतून निवृत्त झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी विचारले की, पदके मूळ आकाराची लावायची की लहान आकाराची चालतील. विश्वजीतने उत्तर दिले, "लंगरवाल्यांनी छातीला पळी लावून यावं." खाली हसरी तोंडे येत गेली. मी वाट पाहिली की कोणी तरी एक जण हसणार नाही. शेवटी ग्रुपचे ॲडमिन, निवृत्त सुभेदार साहेब, यांचेही हसरे तोंड आले. त्या चौकीवर हे साहेब आजारी पडले तेव्हा मी त्यांना बर्फ वितळवून, उकळून, चमच्याने पाणी पाजले आहे. मी सगळ्यांआधी उठून स्टोव्ह पेटवत असे. तो पेटला नाही तर त्या दिवशी कोणाची रायफल चालली नसती.

मग मी लिहायला लागलो. विश्वजीतला नीच म्हणालो, भित्रा म्हणालो. लिहिले की, "बंदूक मलाही चालवता येते." त्यावर त्याने आणखी एक पळी पाठवली, चित्रातली. तेव्हा मी त्याच्या आईवरून एक शब्द लिहिला. तो शब्द मी येथे लिहिणार नाही.

६. बंदूक. माझी परवान्याची बंदूक शिरूर येथे पोलिसांकडे जमा आहे आणि परवाना निलंबित आहे. 'बंदूक मलाही चालवता येते' या वाक्यामुळे अपमान आणि बदनामी यांच्याबरोबर धमकीचे कलमही लागले. मला सांगायचे होते की कुकलाही फौज बंदूक शिकवते. धमकी त्या वाक्यात नाही. पण त्याच्या वरचे आणि खालचे वाक्य वाचले की ती दिसते, हे मला मान्य आहे. सणसवाडीच्या कारखान्यात मी बंदूकधारी रक्षक होतो. बंदूक गेल्यावर त्यांनी मला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवले. बंदूक सुटली तर सुषमाने ती परवानाधारक दुकानदाराला विकावी. घरात आणू नये.

७. मोबाईल. तो जप्त आहे. परत मिळाला तर कोणीही उघडून वाचू नये. सुषमा, तूसुद्धा. सगळे पुसून गौतमीला अभ्यासाला द्यावा.

८. पोलिसांसमोर झालेली चूक. ही माझी स्वतःची आहे, कोणाला दोष नाही. हवालदारांनी टाइप केलेली फिर्याद पुढे ठेवली आणि म्हणाले, "वाचा. ह्येच लिवलं व्हतं ना?"

मी वाचले आणि म्हणालो, "साहेब, 'नीच'ला दुसरी वेलांटी पाहिजे. इथं पहिली पडलीय."

"तुम्ही दुसरी दिली व्हती?"

"होय. मी चुकीचं लिहीत नाही."

ते मागे वळून लेखनिकाला म्हणाले, "लिव्ह रं, मजकूर मान्य. वेलांटीसकट."

माझ्या वकील ॲड. राजनंदिनी थिटे यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कोकरे, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे तुमचं नशीब. पण यापुढं कुणाची वेलांटी सुधारू नका."

९. तडजोड. ती व्हावी म्हणून मी प्रयत्न केले, याची नोंद असावी. विश्वजीतचा निरोप त्याच्या वकिलांमार्फत आला की, माफी मागायची तर ग्रुपवरच, सर्वांसमोर. ग्रुपमधून मला काढलेले आहे. शिवाय ग्रुपवर लिहिले तर जामिनाची अट मोडते. म्हणून परवानगीचा अर्ज दिला. त्यावर कोर्टाने त्याचे लेखी म्हणणे मागवले. त्याने म्हणणे दिले नाही. तारीख पडली. पुढच्या तारखेलाही त्याने म्हणणे दिले नाही. माणसाला एवढे बोलता येते आणि म्हणणे देता येत नाही, याचा मला राग होता. आता तोही राहिला नाही. जिना चढलो की धाप लागते, आणि कोर्टाला जिना आहे.

१०. साखरबाई मारुतराव दोरगे. या विश्वजीतच्या आई. मी त्यांना आक्का म्हणतो. सुट्टीवर येताना शिरूरला उतरलो आणि राहूकडे जायला एसटी नसली, की मी त्यांच्याकडे मुक्कामाला असे. त्या आम्हा दोघांच्या ताटात सारखेच वाढत आणि "पप्प्या, तू आचारी हायस, सांग कालवण कसं झालंय" असे विचारत. मी खरे सांगायचो. त्या झारा उगारायच्या.

दोषारोपपत्र मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले आहे. त्यात ग्रुपमधले साक्षीदार आहेत, सुभेदार साहेब आहेत. ज्यांच्यावरून तो शब्द लिहिला, त्या आक्कांचे नाव कोठेही नाही. म्हणजे त्यांच्याशी बोलायला मला मनाई नाही. हे कळल्यावर मी जास्त घाबरलो.

दिवाळीनंतर त्यांचा सुषमाला फोन आला. मी शेजारी जेवत होतो. सुषमाने फोनचा आवाज मोठा केला.

"सुषमे, पप्प्या हाय का मेला? दिवाळीलाबी आला न्हाई."

"आक्का, केस हाय ना. कोर्टानं बोलू नगा म्हटलंय."

"ते इश्वाशी. माझ्याशी बोलू नगं, आसं कुठल्या जजानं सांगितलं?"

सुषमाने फोन माझ्या ताटाशेजारी सरकवला.

"आन् शिव्या दिल्या म्हणं. आगं, शिव्या दिल्या तर दिल्या. कोणच्या दिल्या, ते इश्वा सांगंना, सून सांगंना. ह्यांना इचारलं तर ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढीवला. आता मी तारखंला कोर्टातच जाऊन बसणार हाय. तितं समदं मोठ्यानं वाचत्यात म्हणं."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो आणि विचारले, खरेच वाचतात का. त्या म्हणाल्या, "साक्षीपुरावा सुरू झाला की फिर्यादीला शपथेवर विचारणार, काय शब्द वापरला. 'अपशब्द वापरला' एवढ्यावर भागत नाही. जसाच्या तसा सांगावा लागतो. मग साक्षीदारही तोच सांगणार. एकेक जण."

"आणि बसलेल्यांना बाहेर काढतात का?"

"असल्या केसमध्ये कशाला काढतील?"

विश्वजीतने फिर्याद दिली तेव्हा त्याच्याही हे लक्षात आले नसेल. आईसमोर पिंजऱ्यात उभे राहून त्याला तो शब्द म्हणावा लागेल. आता कदाचित आले असेल. म्हणूनच तो म्हणणे देत नसेल. हा माझा अंदाज आहे, संपर्क नाही.

आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची नवी घोंगडी आईकडे आहे. ती मी गेल्यावर आक्कांना द्यावी. त्यांचे गुडघे थंडीत धरतात. आईने पाठवली असे सांगावे. माझे नाव घेऊ नये.

११. मनाई. माझ्या निधनाची बातमी ग्रुपवर टाकू नये. ॲडमिन साहेबांनी ती परस्पर टाकली, तर खाली हात जोडलेली चित्रे येतील. हसरी तोंडे टाकणाऱ्या बोटांनीच ती येतील. सुषमाने ती पाहू नयेत. मनात कोणाबद्दल काही नाही. फक्त नको.

१२. मी जगलो तर. मॅडम म्हणाल्या, "मृत्युपत्रात जगल्यानंतरचं लिहीत नाहीत, कोकरे. या कलमाला कायद्यात अर्थ नाही." तरी लिहितो, कारण सोळा डिसेंबर ही पुढची तारीख आहे आणि त्या दिवशी पुरावा सुरू होणार आहे.

मेलो तर खटला आपोआप बंद होईल. तो शब्द कोणी वाचणार नाही. मला हे कळले तेव्हा थोडे हलके वाटले, आणि तसे वाटल्याचे मी सुषमाला सांगितलेले नाही. आता ती हे वाचेल.

जगलो तर मी त्या तारखेला पहिल्याच पुकाऱ्याला उभा राहून गुन्हा कबूल करणार आहे. मजकूर मी वाचला आहे, समजला आहे, वाचून दाखवण्याची गरज नाही, असे मी आधीच सांगणार आहे. मॅडमनी समजावले, "दंड होईल. फार तर कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. पण ती शिक्षाच. परवाना विसरा. पडताळणीत नाव येणार, गेटवरची नोकरीही विसरा. लढलो तर धमकीचं कलम मी नक्की पाडते." मी म्हणालो, लढायचे तर शब्द वाचावा लागेल. त्यांनी फाईल मिटली. मी कबुलीचा अर्ज सही करून ठेवू का विचारले, तर म्हणाल्या, "कागदावर नाही चालत. स्वतः उभं राहावं लागतं."

सुषमाला नोकरीचे सांगितले. तिने सुपातले खडे बाजूला काढले. मग म्हणाली, "बरं. कबूल केलं. भाईर आला. आक्का तितंच बसलेल्या. त्या इचारणार, काय कबूल केलंस रं पप्प्या? मग?"

मग मी काही तरी साधी शिवी सांगेन, गाढव किंवा तसलीच. आक्का म्हणतील, एवढ्यासाठी कोर्ट? मी होय म्हणेन. शपथ कोर्टाच्या आत असते, बाहेर नसते.

१३. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचे काम ॲड. राजनंदिनी थिटे, शिरूर, यांनी करावे. वरील मजकूर मी सावकाश वाचला आहे. खाली नावे असलेल्या दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही
पप्पू हरिबा कोकरे

साक्षीदार
१. भिमा सोपान गडदे, शेती व मेंढपाळ, राहू
२. तानुबाई रामा बिडगर, अंगणवाडी सेविका, राहू

स्थळ : राहू, तालुका दौंड
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५