बत्त्याचे दोन टोले

मंगळवार, ८ जुलै

आज मी माणसाला मारलं. म्हणजे मेला नाही — चांगला पळत गेला.

दुपारी खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होते. हे चिकलठाण्याला कंपनीत गेलेले. मागच्या दारातनं एक जण थेट स्वयंपाकघरात, हातात सुरा. गळ्यातलं काढ म्हणाला. हातातला लोखंडी बत्ता मी त्याच्या खांद्यावर हाणला. त्यानं पाठ फिरवली. मी डोळे मिटून अजून एक हाणला, पाठीत. मग तो सुऱ्यासकट गेला.

दुसरा कशाला मारला? पळणाऱ्याला?

बुधवार, ९ जुलै

आम्ही तक्रार द्यायला पोचेपर्यंत त्यानंच देऊन ठेवलेली! म्हणे पत्ता विचारायला फाटकाशी थांबलो, बाईनं विनाकारण बदडलं. नाव ऋतुराज. इतकं गोड नाव आणि धंदे हे.

आम्हीही दिली. पोलिसांनी बत्ता नेला. पावतीवर लिहिलंय — लोखंडी हत्यार, नग एक. मी तो घासून ठेवला होता, त्यावरून शेजारची आमरीन लई रागावली. पुरावा धुतला म्हणे. पोरगी नवी वकील आहे, आमचीच पहिली केस. सोमवारी दोन्ही बाजूंचे जबाब आहेत, तोवर तयारी करायची म्हणाली.

शुक्रवार, ११ जुलै

तयारी झाली. हे समोरचे वकील झाले. काळा कोट नाही म्हणून काळा रेनकोट. घामाघूम झाले पण काढेनात. घटनेच्या वेळी आपण काय करत होता, असं विचारलं. मी चटणी सांगितली. शेंगदाणे कधी टाकायचे तेही सांगितलं.

आमरीननं कपाळाला हात लावला. "काकू, पूछा उतनाच बोलो. किती टोले मारले?"

"एक."

हे खूश. इथं लिहिते — दोन.

शनिवार, १२ जुलै

चटणी मिक्सरमध्ये केली. ह्यांनी मुकाट खाल्ली.

रविवार, १३ जुलै

राहवलं नाही. आमरीनला खरं सांगितलं. तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, जिवाला धोका होता तोवर मारलं ते स्वसंरक्षण. पाठ फिरवून निघालेल्याला मारलं तर अवघड आहे. पण खोटा जबाब मी देऊ देणार नाही.

हे म्हणाले, एकच सांग, मोजायला कोण होतं तिथं?

मी होते ना.

पिशवी भरून ठेवली. बीपीच्या गोळ्या, टॉवेल, दोन साड्या, लोणचं. आत लोणचं चालतं का, हे आमरीनला विचारायची लाज वाटली.

सोमवार, १४ जुलै

ठाण्यात तो समोरच्याच बाकावर, हात झोळीत बांधलेला. फौजदारसाहेबांना मी सांगून टाकलं. दोन मारले. दुसरा तो भिऊन पळत असताना, पाठीत. चुकलं माझं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

तो तटकन उभा राहिला. "बाईला भिऊन पळत नव्हतो मी, साहेब. सुरा खाली पडला होता, तो उचलायला वाकलो होतो."

फौजदारसाहेबांनी कोरा कागद घेतला आणि त्याला परत एकदा, सावकाश सांगायला लावलं.